सहा महिन्यांचं एसईओ पॅकेज घेतलं, त्याचा हिशोब

लालबागला आमचा गाळा आहे, हार्मोनियम दुरुस्तीचा. वडिलांनी सुरू केला, आता मी बसतो. गिऱ्हाईक म्हणजे भजनी मंडळं, गाण्याचे क्लास, कीर्तनकार, आणि आजोबांची पेटी माळ्यावरून काढून आणणारी माणसं. २०२१ साली भाचीने वेबसाइट करून दिली. बावीस पानं, माझेच फोटो, माझंच लिखाण. त्यावरून महिन्याला तीन-चार फोन यायचे. फार नाही, पण येणारा माणूस कामाचा असायचा.

२०२४ च्या एप्रिलमध्ये मी अंधेरी पूर्वेच्या एका एजन्सीचं सहा महिन्यांचं एसईओ पॅकेज घेतलं. एसईओ म्हणजे गुगलच्या शोधात आपली साइट वर दिसावी म्हणून करायचं काम. महिना १२,००० अधिक अठरा टक्के जीएसटी. सहा महिन्यांचे झाले ८४,९६०. एजन्सीचं नाव लिहीत नाही. नंतर आमच्या भागातल्या चार दुकानदारांशी बोललो, तेव्हा कळलं की प्रत्येकाची एजन्सी वेगळी, पण अनुभव जवळजवळ हाच. तेव्हा हे एका ऑफिसचं परीक्षण न समजता अशा पॅकेजचं समजा. माझे पाचपैकी दीड तारे. तो दीड कशाचा, तेही सांगतो.

पहिल्या भेटीत त्यांच्या साहेबांनी दोन गोष्टी सांगितल्या. तीन महिन्यांत गुगलच्या पहिल्या पानावर, गॅरंटी. आणि गुगलमध्ये आमचं जाणं-येणं आहे. मला ते खरं वाटलं, कारण मला त्यातलं काहीच कळत नव्हतं. गुगलने स्वतःच्या मदतीच्या पानांवर स्पष्ट लिहून ठेवलंय की पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, आणि जो हमी देतो किंवा गुगलशी खास संबंध असल्याचं सांगतो त्याच्यापासून सावध राहा. केलेल्या कामाचा परिणाम दिसायला साधारण चार महिने ते वर्ष लागतं, हेही तिथेच आहे. ते पान सगळ्यांना मोफत वाचता येतं. मी ते वाचलं सप्टेंबरमध्ये, पाच हप्ते भरून झाल्यावर.

पहिल्या महिन्याच्या कामाच्या यादीत सगळ्यात वरची ओळ होती, ‘मेटा कीवर्ड्स, सर्व पाने’. हा मेटा कीवर्ड्स टॅग, म्हणजे पानाच्या आत लपलेली, वाचणाऱ्याला न दिसणारी शब्दांची यादी, गुगल क्रमवारीसाठी वापरत नाही, हे त्यांनी २००९ साली जाहीर केलंय. पंधरा वर्षं बंद असलेल्या खिडकीवर रांग लावायचे पैसे मी दिले.

दर महिन्याच्या पाच तारखेला रिपोर्ट यायचा. रंगीत, तीस-बत्तीस पानांचा. त्यात हिरवे बाण वर जाताना दिसायचे. जूनच्या रिपोर्टात आमचे अकरा कीवर्ड, म्हणजे गुगलमध्ये शोधायचे शब्द, पहिल्या क्रमांकावर होते. मी घरी पेढे नेले. मग एका रात्री शांतपणे ते अकरा कीवर्ड वाचले. ‘बेस्ट ट्रस्टेड हार्मोनियम रिपेअर सर्व्हिस इन लालबाग परळ मुंबई’ असले ते शब्द होते. असं कोण शोधतं? कोणीच नाही. ज्या वाक्याला जगात कोणी स्पर्धकही नाही आणि शोधणाराही नाही, त्याच्यावर पहिलं येणं सोपं असतं. आमच्याकडे एक वही आहे. येणाऱ्या प्रत्येकाला ‘कुठून कळलं?’ विचारून मी त्यात लिहितो. त्या सहा महिन्यांत साइटवरून आलेली गिऱ्हाइकं अकरा. ८४,९६० भागिले अकरा करून बघा. आणि माझं एका दुरुस्तीचं सरासरी बिल दोन-अडीच हजारांचं असतं.

पैशांपेक्षा मोठं नुकसान मजकुराने केलं. त्यांच्या पॅकेजात महिन्याला आठ लेख होते. ते इंग्रजीत लिहिले जायचे आणि यंत्राने मराठीत उतरवले जायचे. हार्मोनियमच्या पट्ट्यांना इंग्रजीत जो शब्द आहे, त्याचं यंत्राने ‘चाव्या’ केलं. आमच्या पानावर ठळक अक्षरांत आलं, ‘आमच्याकडे पेटीच्या चाव्या बदलून मिळतील’. पेटी म्हटलं की निम्म्या लोकांना ट्रंक आठवते. पुढचे दोन आठवडे गोदरेजचं कपाट, लोखंडी ट्रंक आणि देवळाची दानपेटी यांच्या चाव्या बनवून घ्यायला फोन येत होते. मी प्रत्येकाला नीट उत्तर दिलं, त्यांची काही चूक नव्हती. पण हातात कानशी असताना, सूर लावताना असा फोन आला की कानात बसलेला सूर निघून जातो, आणि ते काम परत पहिल्यापासून करावं लागतं.

मग जुलैमध्ये डोंबिवलीच्या एक बाई आल्या. गाण्याचे क्लास घेतात. साडेतीन सप्तकांची, दुहेरी सुरांची पेटी, बेचाळीस पट्ट्या म्हणजे आत चौऱ्याऐंशी सूर. लोकलच्या गर्दीत नको म्हणून टॅक्सी करून आणली होती. म्हणाल्या, ‘दादा, तुम्ही सांगितलं तसं केलं, पण आवाज बसला.’ मी म्हटलं, मी काय सांगितलं? त्यांनी मोबाइल पुढे केला. आमच्याच साइटवर लेख: पावसाळ्यात रीड गंजू नयेत म्हणून त्यावर खोबरेल तेलाचं बोट फिरवावं. खाली आमच्या गाळ्याचं नाव, वडिलांचा फोटो.

ज्यांनी पेटी उघडून पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. सूर किंवा रीड म्हणजे पितळेचा एक चपटा तुकडा, त्याच्यात चीर, आणि चिरेवर एका टोकाला घट्ट बसवलेली पितळेची पातळ जीभ. जीभ आणि चिरेच्या कडा यांच्यात कागद जेमतेम जाईल एवढी फट असते. हवा गेली की जीभ थरथरते, तोच आवाज. तिथे तेल गेलं की भात्यातली धूळ, बनातीचे तंतू, सगळं येऊन चिकटतं. जीभ कडेला लागते, आवाज घुसमटतो. टोकाला वजन वाढलं की सूर उतरतो. आणि प्रत्येक सूर वेगवेगळा उतरतो, त्यामुळे खर्ज आणि नर, म्हणजे एकाच पट्टीचे दोन सूर, एकमेकांशी भांडायला लागतात.

चौऱ्याऐंशी सूर मी एकेक काढून पुसले, वाळवले, परत बसवले. मग लावायला घेतले. सूर चढवायचा तर जिभेचं टोक हलकं खरवडायचं, उतरवायचा तर मुळाशी खरवडायचं. जास्त खरवडलं तर जीभ तुटते आणि त्या जोडीचा जुना सूर मिळत नाही. तीन दिवस लागले. पैसे घेतले नाहीत, घेताच आले नसते. बाई बिचाऱ्या उलट मलाच सॉरी म्हणत होत्या.

त्या दिवशी एजन्सीला फोन केला, तो लेख आत्ता काढा. ‘कंटेंट टीमला कळवतो सर.’ आठ दिवस तो तसाच होता. मी स्वतः काढू शकत नव्हतो, कारण ‘सिक्युरिटीसाठी’ म्हणून त्यांनी भाचीचा पासवर्ड बदलला होता. माझ्या साइटची किल्ली माझ्याकडे नाही, हे मला तेव्हा कळलं.

गुगलने २०२४ च्या मार्चमध्येच, म्हणजे मी पॅकेज घेण्याच्या एक महिना आधी, स्पॅमचे नियम कडक केले होते. क्रमवारीसाठी म्हणून ढिगाने पाडलेला मजकूर, मग तो यंत्राने पाडलेला असो की माणसाने, नियमाविरुद्ध आहे असं त्यात स्पष्ट आहे. गावांची नावं बदलून तीच पानं परत परत करण्यावर तर त्याच्याही आधीपासून मनाई आहे. आमच्या साइटवर अशी अठ्ठावीस पानं झाली होती: बोरिवली, मुलुंड, वाशी, पनवेल. मजकूर तोच. बोरिवलीचा एक मुलगा आमची ‘बोरिवली शाखा’ शोधत एक दुपार फिरला आणि मग त्याने मला फोन केला.

आता ती गोष्ट, जिच्यामुळे मी हे लिहायला बसलो. गणपतीच्या आधीचे दीड महिने आमचा हंगाम. सगळ्या मंडळांना, सगळ्या आरतीवाल्यांना पेटी तेव्हाच दुरुस्त करून हवी असते. २०२४ ला गणपती ७ सप्टेंबरला होते. एजन्सीने जुलैमध्ये साइटचं रूप बदललं. आमची साइट ज्यावर चालते त्या वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये, रीडिंगच्या पानावर, खाली एक छोटी चौकट असते. तिच्यावर खूण केली की साइट सगळ्या शोधयंत्रांना सांगते, आम्हाला तुमच्या यादीत घेऊ नका. काम चालू असताना ती खूण करतात, ते बरोबरही आहे. काम झाल्यावर काढायची असते. ती राहिली. २२ जुलै ते १३ ऑगस्ट, तेवीस दिवस. आदल्या वर्षी वहीत याच दिवसांत साइटवरून नऊ जण होते, २०२४ ला एक. खूण काढल्यावरही पानं लगेच परतली नाहीत, काही पानांना सप्टेंबर उजाडला. तोवर हंगाम संपत आला होता. त्या महिन्याच्या रिपोर्टातही हिरवे बाण होतेच.

ही चूक पकडली त्यांच्याच ऑफिसमधल्या एका मुलीने. तिशीच्या आतली, नवीनच लागलेली. तिने मला संध्याकाळी फोन केला. ‘काका, तुमचं सर्च कन्सोल कोणाच्या नावावर आहे?’ मी म्हटलं, ते काय असतं? ती गप्प झाली. मग म्हणाली, ‘कागद घ्या, मी सांगते तसं करा.’ अर्धा तास फोनवर बसून तिने माझ्या स्वतःच्या ईमेलने सर्च कन्सोल, म्हणजे आपली साइट शोधात कशी दिसते ते मालकाला दाखवणारं गुगलचं पान, उघडून दिलं, साइट माझी असल्याचं सिद्ध कसं करायचं ते दाखवलं. ‘नोइंडेक्स टॅगमुळे वगळले’ असं तिथे लिहिलेलं होतं, एकवीस पानांसमोर. दुसऱ्या दिवशी सकाळी चौकटीवरची खूण निघाली. तिने हे साहेबांना विचारून केलं नव्हतं, हे मला तिच्या आवाजावरून कळत होतं. दीड ताऱ्यातला एक तारा पूर्ण तिचा आहे. उरलेला अर्धा यासाठी, की त्यांनी फोटोंचं वजन कमी केलं. माझे मोबाइलचे फोटो चार-चार, पाच-पाच एमबीचे होते. साइट मोबाइलवर उघडायला नऊ सेकंद घ्यायची. पानावरची मुख्य गोष्ट अडीच सेकंदांच्या आत दिसावी अशी गुगलची अपेक्षा आहे. आता दोन-सव्वादोन सेकंद लागतात. ते काम चांगलं झालं, मान्य करायला हवं.

सप्टेंबर संपल्यावर मी पॅकेज पुढे चालवलं नाही. तर गुगलच्या नकाशावरची आमची नोंद त्यांच्या ईमेलवर निघाली. वडिलांच्या काळापासूनची गिऱ्हाइकं तिथे चांगलं लिहून गेली आहेत, आणि मालक कोण तर अंधेरीचं ऑफिस. गुगलकडे मालकीची मागणी करायची सोय आहे, समोरच्याला उत्तर द्यायला तीन दिवस मिळतात. त्यांनी तिसऱ्या दिवशी सोडली. जाता जाता एक कोटेशन पाठवलं: तुमच्या साइटला वाईट बॅकलिंक (दुसऱ्या साइटवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंक) आहेत, त्या साफ करायचे १५,०००. त्या बॅकलिंक त्यांनीच केलेल्या होत्या, रिपोर्टात ‘महिन्याला १५०’ म्हणून मिरवलेल्या. मी पैसे दिले नाहीत. बहुतेक साइटना हे साफसफाईचं साधन वापरायची गरज पडत नाही, असं गुगलचंच म्हणणं आहे.

मग भाची आणि मी बसलो. छत्तीस लेख आणि अठ्ठावीस गावांची पानं काढून टाकली, तेलाच्या लेखाच्या जागी ‘सुरांना तेल लावू नका’ असं नवीन पान माझ्या सहीने टाकलं. आणि रोज रात्री सर्च कन्सोल बघायला लागलो. फुकट आहे, सोळा महिन्यांचे आकडे ठेवतं. कोणत्या शब्दांवर आपण लोकांना दिसलो, किती जणांनी दाबलं, सरासरी कितव्या क्रमांकावर होतो. बस, एवढंच. मला सहा महिन्यांत कोणत्याही रिपोर्टाने शिकवलं नाही ते या पानाने शिकवलं: लोक माझ्या धंद्याला काय म्हणतात.

कोणी हार्मोनियम लिहितं, कोणी हार्मोनिअम, कोणी हिंदीसारखं हारमोनियम. तरुण मुलं मराठी शब्द रोमन अक्षरांत टाइप करतात. आणि वयस्कर माणसं माइकचं बटण दाबून बोलतात, तेव्हा अख्खं वाक्य देवनागरीत येतं: पेटीची पट्टी दाबली की वर येत नाही. आमच्या गाळ्यात येऊन माणूस जे म्हणतो, अक्षर न् अक्षर तेच. ‘दुरुस्ती सेवा’ कोणी म्हणत नाही. मग मी त्याच वाक्यांची पानं केली. पावसात पट्ट्या का अडकतात. भाता फाटला की चिकटपट्टी लावू का. काळी एकची पेटी पांढरी चारला करता येते का. एक पान जुन्या आठवणींचं, १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली तेव्हाच्या काळाबद्दल, वडिलांकडून ऐकलेलं. ते शोधात फारसं येत नाही, पण ते मला हवं होतं.

तरीही छोट्या साइटवाल्याला या कामात जीव मेटाकुटीला येतो, हे लपवत नाही. नवीन पान टाकलं की कन्सोलमध्ये कधी ‘सापडलं, अजून यादीत नाही’, कधी ‘पाहून झालं, यादीत नाही’. का नाही, ते सांगत नाही. चांगलं लिहिलेलं पान सात आठवडे तसंच पडून राहिलेलं मी पाहिलंय. फार थोड्या लोकांनी शोधलेले शब्द खासगीपणासाठी लपवलेले असतात. मोठ्या साइटला त्याचा फरक पडत नाही, आमच्याकडे शोधणारेच थोडे, त्यामुळे निम्म्याहून जास्त दाबण्यांमागे शब्द कोणता होता ते दिसतच नाही. नकाशावरच्या निकालात अंतर मोजलं जातं, म्हणून विरारच्या माणसाला करी रोडजवळचा गाळा सहसा दिसत नाही, मग तुम्ही कितीही चांगले कारागीर असा.

मराठी साइटवाल्यांसाठी अजून एक, जे मला कोणत्याही एजन्सीने सांगितलं नाही. पानाचा पत्ता मराठीत ठेवला की तो शोधात छान मराठीत दिसतो. पण कॉपी करून व्हॉट्सॲपवर पाठवला की प्रत्येक अक्षराचे, काना-मात्रा-वेलांटीसकट प्रत्येक खुणेचे, टक्क्याच्या चिन्हांसह नऊ-नऊ तुकडे होतात. ‘पेटी-दुरुस्ती’ एवढ्या दोन शब्दांचा पत्ता १०९ खुणांचा होतो. एका कीर्तनकार बुवांनी मला फोन करून विचारलं, ‘तुमच्या नावाने काहीतरी फसवणुकीची लिंक आली आहे, उघडू नको ना?’ शिवाय वर्डप्रेस पत्ता २०० खुणांना कापतं, म्हणजे मराठीत जेमतेम बावीस अक्षरं-मात्रा. लांब मथळा अर्ध्या शब्दावर तुटतो. आम्ही आता पत्ता रोमन अक्षरांत छोटा ठेवतो, मथळा मात्र पूर्ण मराठी. जुने पत्ते बदलताना जुन्यावरून नव्यावर कायमचं वळण द्यायला विसरू नका. भाची पहिल्या दिवशी तीन पानांना द्यायला विसरली, आणि ती तीन पानं दोन महिने मागे गेली.

सध्या साइटवरून महिन्याला पाच-सहा जण येतात. खर्च होस्टिंगचा आणि डोमेनचा, बाकी रात्रीचा एक तास. कोणी विचारलं की एजन्सी घेऊ का, तर मी एवढंच विचारायला सांगतो: साइटचा, सर्च कन्सोलचा आणि नकाशावरच्या नोंदीचा मालक कोणता ईमेल असेल? आणि आमच्या नावाने जे छापणार ते आधी मला वाचायला मिळेल का? दोन्हींचं उत्तर लेखी घ्या.

गणपतीचं पान आता आम्ही चैत्रातच टाकतो, म्हणजे श्रावणापर्यंत ते यादीत बसलेलं असतं. या वर्षीचं भात्यावर आहे. जुना भाता काढून नवीन कापड-चामडं कसं बसवतात ते सगळं फोटोंत दाखवायचंय, सात फोटो झालेत, घडीच्या कोपऱ्याचा एक राहिलाय. डोंबिवलीच्या बाईंची पेटी भात्यासाठी येणार आहे पुढच्या आठवड्यात. त्यांना विचारलं, फोटो काढला तर चालेल का. म्हणाल्या, काढा की.